तेलाचा लाल दिवा

नमस्कार श्रोतेहो.

गाडीची चावी फिरवली की समोर छोटीशी दिवाळीच होते. त्या दिव्यांत एक लाल चित्र असतं, शिवणयंत्राला तेल घालायच्या कुपीसारखं, नळीच्या टोकाशी लोंबणारा एक थेंब. इंजिन सुरू झालं की दोन-तीन सेकंदांत तो दिवा विझतो. उद्या सकाळी मुद्दाम बघा. चावी फिरवूनही तो लागतच नसेल, तर खूश होऊ नका. वायरिंगमध्ये काहीतरी गेलंय, आणि ऐन वेळी तो मुका राहणार.

चालत्या गाडीत हा दिवा लागला तर बहुतेक जण म्हणतात, "ऑइल कमी झालंय, पुढच्या पंपावर टाकू." मीही तेच म्हणालो होतो. गणपतीला खेडला निघालो होतो. कशेडीचा बोगदा तेव्हा नव्हता, सगळा घाट चढून उतरायचा. एका वळणावर दिवा लुकलुकला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा. शेजारी मामा होते. "अरे, काहीतरी लाल लागतंय बघ." म्हटलं, "असू दे मामा, खेड आलंच आता." घाट उतरता उतरता दिवा लागला तो लागलाच. बॉनेटखालून आधी टिकटिक, मग ठकठक, आणि गाडी थांबली. मोदकांची पिठी छातीशी धरून मामा टेम्पोत चढले. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

चुकलं कुठे? तो लाल दिवा तेल किती आहे हे मोजतच नाही. तो तेलाचा दाब बघतो. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस हवा भरतो ना, त्याच मापात सांगायचं तर बऱ्याच गाड्यांत हा दाब पाच-सातच्या आसपास उतरला की दिवा लागतो. धावत्या गाडीत तो याच्या कितीतरी पट हवा. इंजिनाचा क्रँक, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ३३ होतात. क्रँक आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांच्यामध्ये असतो तो केसाहून बारीक तेलाचा पापुद्रा. दाब गेला की तो पापुद्रा गेला, आणि धातूवर धातू घासायला लागतो. वळणावर लुकलुकणं तर अगदी स्पष्ट सांगणं होतं: चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, उरलेलं थोडं तेल एका बाजूला कलत होतं आणि तेलाचा पंप हवा ओढत होता.

खेडच्या मेकॅनिकने बेअरिंगचा अर्धगोल तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. आरशासारखा गुळगुळीत, राखाडी असायचा तो. त्यावर नखाला लागतील असे चरे पडले होते आणि खालचं तांबडं उघडं पडलं होतं. कारण काय, तर चार दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये ऑइल बदललं होतं आणि चेंबरच्या बोल्टला जुनाच वायसर लावला होता. थेंब थेंब गळत आलं सगळं.

तेव्हा लाल दिवा लागला की आधी गाडी कडेला घ्या, मगच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी फिरवू नका. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होतो. पण खेड किती किलोमीटर आहे, हा हिशोब नको. दहा मिनिटं थांबा. गाडी सपाटीवर असेल तर ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा पूर्ण घाला आणि मग वाचा. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं घाला, थोडं थोडं, वरच्या खुणेपलीकडे नाही. जास्त झालं तर क्रँक त्याचा फेस करतो, आणि फेसाला दाब नसतो. मग इंजिन सुरू करा. दिवा लगेच विझायला हवा. नाही विझला, किंवा तेल पुरेसं असूनही तो लागला असेल, तर इंजिन पुन्हा चालू करू नका. पंप, जाळी किंवा सेन्सर, काहीही असेल, ते गॅरेजवाला बघेल. गाडी टोचन करून न्या. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा नंबर लावा.

काही गाड्यांत याच चित्राचा पिवळा दिवा असतो. तो बहुधा पातळी कमी झाल्याचं सांगतो. तिथे थोडी सवड असते, तरी पट्टी त्याच दिवशी बघा. डिझेल गाडीचं तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, ते होतंच. दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी शिरलंय.

आता मी डिकीत एक लिटरचा डबा ठेवतो. उभा ठेवायचा आणि झाकण दोनदा बघायचं. एकदा सांडलं होतं, आणि तो वास दसऱ्यापर्यंत गेला नाही.