भाकड दिवसांचा हिशेब

मित्रहो, दोन वराहपालकांनी एकाच ठिकाणाहून माद्या आणल्या, खाद्यही एकाच गिरणीचं घातलं, तरी वर्षाअखेरीस दोघांचे आकडे जुळत नाहीत. मग एक जण जातीला नावं ठेवतो, दुसरा खाद्याला. मला विचाराल, तर दोष शोधण्याआधी आकडा कसा काढलाय ते बघा. डुकराचं वजन वाढेल तसं त्याच्या अंगावर मांसापेक्षा चरबी जास्त चढते, आणि किलोभर चरबीला किलोभर मांसापेक्षा बरंच जास्त खाद्य लागतं. म्हणजे ९० किलोला विकणाऱ्याचा एफसीआर, म्हणजे किलोभर वजन वाढायला लागलेलं खाद्य, १२० किलोला विकणाऱ्यापेक्षा आपसूकच चांगला दिसणार. त्यात त्याची हुशारी कसली?

एवढं जमेला धरूनही फरक उरतोच. त्याचा मोठा वाटा भाकड दिवसांत असतो, म्हणजे मादी गाभणही नाही आणि पाजतही नाही अशा दिवसांत. मादी ११४ दिवस गाभण राहते आणि २८ दिवस पाजते, असं धरू. झाले १४२. वर्षात ३० दिवस भाकड गेले, तर ३३५ भागिले १४२, म्हणजे २.३६ वेतं. ६० दिवस गेले, तर २.१५. वेतागणिक १२ पिल्लं दुधावरून तुटत असतील, तर मादीमागे अडीच पिल्लांचा फरक पडला. ३०० माद्यांच्या फार्मवर साडेसातशेच्या वर पिल्लं! आणि यात रोगाचा किंवा जातीचा काही संबंध नाही.

हे दिवस जातात कुठे? दूध तोडल्यावर चांगली मादी साधारण ४ ते ७ दिवसांत माजावर येते. तो माज हुकला, की पुढचा २१ दिवसांनी. भरवलेली मादी उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, आणि ते लक्षातच आलं नाही, तर ती आणखी २१ दिवस फुकट खाते. नर समोर आणून, पाठीवर हात दाबून रोज माज तपासणारा माणूस हवा. खरं सांगायचं तर, अशा माणसाला नीट पगार देणारे मालक मी कमीच पाहिलेत.

पिल्लांचंही तसंच. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ३४ अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि तेवढ्या उष्म्यात आई खाणं कमी करते. म्हणून ऊब पिल्लांच्या कोपऱ्यातच द्यायची. पहिल्या दिवशी चीक पोटात गेला नाही, तर रोगाशी झुंजायला त्याच्याकडे काही नसतं.

वाढीच्या शेडमध्ये गेलात तर खाद्याचं पोतं बघण्याआधी पाणी पिण्याच्या निपलखाली मग धरा आणि मिनिटभर थांबा. मोठ्या होणाऱ्या डुकराला मिनिटाला लिटरभर तरी पाणी मिळायला हवं. निपल गाळाने तुंबलं, की पाणी कमी, म्हणून खाणं कमी, म्हणून वाढ कमी. आणि मालक मात्र खाद्यवाल्याला फोन लावून बसलेला असतो.

रोगाबद्दल थोडक्यात. पीआरआरएस (प्रजनन आणि श्वसन बिघडवणारा विषाणूजन्य रोग) किंवा मायकोप्लाझ्मा (फुप्फुसांना धरणारा, खोकला लावणारा जिवाणू) फार्मवर असेल, तर बाकी सगळं नीट करूनही वजनवाढ मार खाते. म्हणून सगळा गट एकदम भरायचा, एकदम काढायचा आणि मध्ये शेड धुऊन वाळवायची. ही शिस्त मोडते ती नेमकी मागे राहिलेल्या किडमिड्या डुकरांपायी. ‘चार आठवड्यांत भरतील’ म्हणत त्यांना पुढच्या, वयाने लहान गटात ढकललं, की जुन्या गटाचा खोकलाही त्यांच्याबरोबर तिकडे जातो. अशी डुकरं एकतर वेगळ्या शेडमध्ये ठेवा, नाहीतर मिळेल त्या भावाला विकून मोकळे व्हा.