पुपुसाचे पैसे बिटकॉइनने

एल साल्वादोर. मध्य अमेरिकेतला चिमुकला देश. त्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एल झोंते हे मासेमारांचं आणि सर्फिंगवाल्यांचं गाव.

२००१ पासून इथे अमेरिकी डॉलर चालतो. पण बहुतेकांचं बँकेत खातंच नव्हतं. अनेक घरांतलं कुणीतरी अमेरिकेत राबतं आणि पैसे पाठवतं. देशाच्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा या पैशांचा, आणि पाठवतानाच त्यातून कमिशन कापलं जातं.

२०१९ मध्ये एका निनावी दात्याने गावासाठी बिटकॉइन, म्हणजे कुठल्याही सरकारचं किंवा बँकेचं नसलेलं डिजिटल चलन, देऊ केले. ते मोडून डॉलर करायचे नाहीत, गावातच फिरले पाहिजेत, ही त्याची इच्छा. कॅलिफोर्नियाहून येऊन राहिलेल्या माइक पीटरसन यांनी स्थानिक तरुणांना हाताशी धरलं. किनारा साफ करणाऱ्या मुलांना मजुरी बिटकॉइनमध्ये मिळू लागली. मुलांच्या हातात पैसा आला, तसे दुकानदारही तो घेऊ लागले.

पुपुसा म्हणजे मक्याच्या पिठाची जाड भाकरी, आत चीज नाहीतर घेवड्याचं सारण. विकणारी बाई फोनवर रक्कम टाकते, क्यूआर कोड पुढे करते. गिऱ्हाईक स्कॅन करतं. दोन-तीन सेकंदांत पैसे जमा. दिसायला थेट आपल्या यूपीआयसारखं, पण मागे बँक नाही. बिटकॉइनची हिशोबाची वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी असते. तिच्यात नवं पान चढायला सरासरी दहा मिनिटं लागतात. तोवर पुपुसा गार होईल. म्हणून इथे बिटकॉइनवरच उभी केलेली लायटनिंग नेटवर्क ही व्यवस्था वापरतात. छोटे व्यवहार बाजूला झटपट होत राहतात, शेवटची बाकी तेवढी मूळ वहीत चढते.

७ सप्टेंबर २०२१ ला सरकारने बिटकॉइन देशभर कायदेशीर चलन केलं. चिवो हे सरकारी बिटकॉइन ॲप घेणाऱ्याला ३० डॉलर बक्षीस. अनेकांनी ते खर्च केले आणि ॲप पुन्हा उघडलंच नाही. त्यात नोव्हेंबरात ६९ हजार डॉलरला टेकलेला भाव वर्षभरात १७ हजारांच्या खाली आला. २०२५ मध्ये बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती मागे घेतली गेली. एल झोंतेमध्ये लोकांनी आपखुशीने जे उचललं, ते हुकमाने देशाच्या गळी उतरलं नाही.

तुम्हाला बिटकॉइन वापरायला सुरुवात करायची असेल, तर आधी किल्ली, म्हणजे ते पैसे खर्च करू देणारं गुपित, कुणाकडे आहे ते विचारा. एल झोंतेमधलं गाववाल्यांचं वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवायचं ॲप, मोबाइल नंबरवर चालतं; सोपं आहे, पण त्यातले पैसे वॉलेट चालवणाऱ्यांच्या ताब्यात असतात. चहापाण्यापुरते तिथे ठेवायला हरकत नाही.

स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये बहुतेक वेळा सुरुवातीलाच बारा किंवा चोवीस शब्द मिळतात; हीच तुमची किल्ली. ते कागदावर क्रमाने लिहा. फोटो काढू नका, कुणाला सांगू नका. ज्याच्याकडे शब्द, त्याचे पैसे. हरवले तर परत मिळवून देणारं कुणी नाही. आधी अगदी थोडी रक्कम घ्या, मग ॲप काढून टाका, आणि त्या कागदावरून वॉलेट पुन्हा उभं करून पाहा. रक्कम जशीच्या तशी दिसली, की पुढचे पैसे टाका.