सहा सुती काचेचा गोल

(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, काही वर्षांपूर्वी देवरुखचे एक गुरुजी माझ्या काचेच्या दुकानात आले. म्हणाले, "काका, सहा इंचांचा गोल हवाय, पण सहा सुती काचेचा. मुलांना घेऊन दुर्बिणीचा आरसा घासायचाय." टेबलांचे गोल मी आयुष्यभर कापत आलोय, लगेच हो म्हटलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ही काच १९ मिलिमीटर जाड. फूटभर चौकोन उचलला तरी जवळजवळ साडेचार किलो भरतो.

आधी पातळ काचेचं सांगतो. गोल कटरची रबरी वाटी काचेच्या मध्यावर चिकटवायची, दांड्याच्या टोकाचं चाक रॉकेलमध्ये बुडवायचं आणि एकाच दमात फेरा पूर्ण करायचा. कागद हळू फाडावा तसा बारीक, सलग आवाज आला पाहिजे. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवलं तर चाकही गेलं आणि काचही. चाकाने फक्त ओरखडा उमटतो. काम करते ती त्याच्याखाली उतरलेली भेग. काच उलटी करून अंगठ्याने दाबत गेलं की ती भेग पुढे पळताना दिसते. अजूनही मी ते बघत राहतो. मग गोलापासून कडेपर्यंत चार-सहा रेघा मारायच्या आणि बाहेरचे तुकडे एकेक काढायचे. रेघ मारली की लगेच फोडायची. सकाळची रेघ संध्याकाळी हट्टी होते.

गुरुजींच्या काचेवर मी हेच केलं. रेघ सुरेख आली. खालून ठोकत गेलो, तर भेग निम्म्या जाडीपर्यंत सरळ उतरली, मग वळली आणि गोलाच्या पोटातून आरपार गेली. वाकडी फुटलेली ती काच मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. गुरुजींना फोन करायला धीर होत नव्हता.

दुसरी काच मी फोडलीच नाही, घासून काढली. लोखंडी पट्टी वाकवून, जोडून सहा इंचांहून किंचित मोठं कडं केलं, खालच्या कडेला खाचा पाडल्या आणि वर लाकडी फळी ठोकून मूठ बसवली. काचेखाली राळ आणि मेण वितळवून एक टाकाऊ काच चिकटवली. हे विसरू नका. नाहीतर कडं आरपार निघताना खालची कड टवके उडून जाते. मग ८० नंबरचं कार्बोरंडम, म्हणजे घासायची कठीण भुकटी, पाणी आणि कडं इकडून तिकडे फिरवत राहायचं. लोखंड काचेला कापत नाही. कापतात ते कड्याखाली लोळणारे कण. एक ते दहाच्या मोहस मापावर काचेचा कठीणपणा साडेपाचच्या आसपास, कार्बोरंडमचा नऊच्या वर. सुरुवातीला खरखर मोठी येते. कण झिजले की आवाज मऊ पडतो, तेव्हा नवी चिमूट टाकायची. मला दोन दिवस लागले. गोल वर किंचित लहान आणि खाली मोठा निघाला, कारण वरची कड कणांत जास्त वेळ राहते. आरशाला ते चालतं.

राखाडी चिखल मोरीत ओतू नका, पाइपात दगडासारखा बसतो. बादलीत निवळू द्या. आणि तो सुकू देऊ नका, ती धूळ छातीत जाते.

टफन केलेली, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच या कामाला आणूच नका. कापायला गेलं की तिचा सगळा चुरा होतो. कोपऱ्यात बहुधा छाप असतो, तो आधी बघा. आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक होतं. एकमेकींवर रचलेल्या काचांमध्ये ओल शिरते आणि पांढरे डाग पडतात, ते पुसून जात नाहीत. म्हणून माझ्या दुकानात जुलैत प्रत्येक दोन काचांमध्ये कागद असतो. आपल्या कोकणातल्या कासार्ड्याची वाळूही काचेसाठी जाते, पण तयार काच परत येते ती या दमट हवेतच.

पुढचं काम गुरुजींच्या मुलांचं होतं. बाराशे मिलिमीटर नाभीय अंतरासाठी, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश आरशापासून तेवढ्यावर एका बिंदूत जमावा यासाठी, मध्ये फक्त १.२ मिलिमीटरच्या आसपास खोल घासायचं. त्यांना एवढंच सांगितलं, आधी ओल्या दगडाने कडेची धार सगळीकडून तिरकी घासून मोडा. धारदार कडेचा एक टवका आरशावर आला तर महिन्याची मेहनत ओरखड्यात जाते.

कडं आणि तो फुटलेला गोल, दोन्ही टेबलावर ठेवलेत. पुढे येऊन बघा. गोलाची कड अजून धारदार आहे, बोट जपून लावा.