ऑर्डर एकीकडे, पैसे दुसरीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

इंटरनेटवर दुकान चालवणाऱ्यांशी आज एका विषयावर बोलायचे आहे, तो म्हणजे ग्राहकाकडून बँक ट्रान्सफरने पैसे घेणे. ग्राहक कार्ड वापरत नाही, आपल्या खात्याचा क्रमांक घेऊन स्वतःच्या बँकेतून रक्कम थेट पाठवतो. कार्डाच्या व्यवहारात दर विक्रीमागे कापली जाणारी टक्केवारी इथे बहुधा वाचते, आणि कार्डाच्या व्यवहारावर ग्राहक जशी हरकत घेऊन पैसे परत ओढू शकतो, तशी सोपी वाटही इथे नसते. म्हणून अनेक दुकानदारांना हा मार्ग आवडतो आणि मलाही तो आवडतो. मात्र त्यात वाचलेली टक्केवारी आपल्याला कामाच्या रूपाने चुकती करावी लागते, हे आधीच समजून घेतलेले बरे.

कार्डाने पैसे घेताना रक्कम दुकान मागते, त्यामुळे ती ऑर्डरच्या क्रमांकासकटच येते. ट्रान्सफरमध्ये रक्कम ग्राहक पाठवतो. ऑर्डर आपल्या दुकानाच्या यादीत असते, पैसे बँकेच्या खात्यात असतात, आणि या दोघांचा एकमेकांशी काहीही परिचय नसतो. तो करून देणे हेच दुकानदाराचे खरे काम आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. सकाळी तुम्ही खाते उघडता आणि रात्री जमा झालेली एक रक्कम दिसते. पाठवणाऱ्याचे जे नाव आहे, ते तुमच्या ऑर्डरींच्या यादीत कुठेच नाही. संदर्भाच्या रकान्यात नुसते ‘पेमेंट’ असे लिहिलेले आहे. तेवढ्याच रकमेच्या दोन ऑर्डरी मात्र पैशांची वाट पाहत थांबलेल्या आहेत. मागणी मुलीने नोंदवली असेल आणि पैसे वडिलांच्या खात्यातून आले असतील, किंवा पाठवणारे खाते एखाद्या कंपनीचे असेल. अशा वेळी अंदाजाने माल रवाना करू नये. दोन्ही ग्राहकांना लिहून, पैसे कोणत्या नावाच्या खात्यातून आणि कोणत्या दिवशी पाठवले, एवढेच विचारावे. नाव त्यांच्याकडून यावे. आपण आधी सांगून टाकले तर विचारण्यात अर्थ उरत नाही, शिवाय एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या हाती जाते.

हा सगळा खटाटोप बहुतांशी टाळता येतो, तो संदर्भ क्रमांकाच्या, म्हणजे ग्राहकाने पैसे पाठवताना लिहायच्या ऑर्डरच्या खुणेच्या, जोरावर. ऑर्डर पक्की झाल्याच्या पानावर आणि त्यानंतरच्या ईमेलमध्ये खाते क्रमांक, नेमकी रक्कम आणि संदर्भ क्रमांक या तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळींवर, एका स्पर्शात कॉपी होतील अशा द्याव्यात. संदर्भ आटोपशीर असावा आणि त्यात तिरप्या रेघा किंवा चिन्हे नसावीत. युरोपातल्या सेपा या युरो ट्रान्सफरच्या पद्धतीत मजकुरासाठी १४० अक्षरांची जागा मिळते, पण ब्रिटनच्या फास्टर पेमेंट्स या ट्रान्सफरच्या पद्धतीत संदर्भाला १८ अक्षरांचीच मर्यादा आहे; दुकानाचे लांबलचक नाव पुढे जोडले की नेमका क्रमांकच कापला जाण्याची भीती असते. संदर्भासाठी आयएसओ ११६४९ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे. त्यातला संदर्भ ‘आरएफ’ या अक्षरांनी सुरू होतो, त्यामागे चूक पकडण्यासाठीचे दोन ताळ्याचे अंक येतात, आणि सगळा मिळून तो २५ अक्षरांच्या पुढे जात नाही. ९७ ने भागून ताळा पाहण्याची आयबॅन या आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची जी रीत आहे, तीच इथेही आहे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ताळा जमत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडता येते. मला ही योजना फार मोलाची वाटते, कारण माणूस अंक टिपताना नेमक्या याच दोन चुका करतो.

पैसे किती वेळात येतात, हे कोणत्या पद्धतीने पाठवले त्यावर ठरते. युरोतल्या तत्काळ ट्रान्सफरला १० सेकंद पुरतात. साध्या ट्रान्सफरला पुढचा कामकाजाचा दिवस लागू शकतो. परदेशातून स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्याच्या मार्गाने येणारी रक्कम कधी कधी मधल्या बँकांतून फिरत येते आणि वाटेत शुल्क कापले जाऊन थोडी कमी पोचते. ते शुल्क कोण सोसणार, हे मागणी घेतानाच लिहून ठेवावे, म्हणजे थोडक्या तुटीसाठी ग्राहकाशी वाद होत नाही.

ही वाट पाहण्याची मुदत दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्येही नीट बसवावी लागते. उदाहरणार्थ, वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाने बँक ट्रान्सफर निवडले की ऑर्डर ‘ऑन होल्ड’, म्हणजे थांबवलेल्या, स्थितीत जाते आणि माल साठ्यातून वजा होतो. पैसे आल्याचे पाहून ती ऑर्डर पुढे सरकवणे दुकानदाराच्या हाती राहते. ती आपोआप रद्द होईल असे धरून चालू नये. एखाद्या वस्तूचा शेवटचा नग अशा ऑर्डरीत अडकून पडतो आणि खरोखर घेणारा परत जातो. किती दिवस थांबणार ते ग्राहकाला स्पष्ट सांगावे, मधे एकदा आठवण द्यावी आणि मुदत संपली की माल मोकळा करावा.

आता फसवणुकीबद्दल. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. त्यात दिसणारी, बँकेला दिलेली पैसे पाठवण्याची सूचना पुढच्या तारखेची असू शकते, नंतर रद्द केलेली असू शकते, आणि चित्र बनावटही असू शकते. जमा झाल्याचा मेसेजही खोटा पाठवता येतो. म्हणून स्वतः खाते उघडून रक्कम पाहिल्याखेरीज माल बाहेर काढू नये, समोरचा कितीही घाई करो. अजून एक डाव असा असतो, की कोणीतरी जास्त रक्कम पाठवतो आणि ‘चुकून गेली, वरचे पैसे या दुसऱ्या खात्यात परत करा’ असे कळवतो. मूळ रक्कम चोरलेल्या खात्यातली निघाली तर ती परत मागितली जाते, आणि आपण दुसरीकडे पाठवलेले पैसे मात्र गेलेलेच असतात. परतावा नेहमी जिथून रक्कम आली त्याच खात्यात द्यावा, आणि शंका असेल तर आधी आपल्या बँकेशी बोलावे.

उलट बाजूने ग्राहकालाही आपल्याबद्दल खात्री वाटली पाहिजे. ब्रिटनमध्ये २०२० पासून आणि युरो वापरणाऱ्या देशांत ऑक्टोबर २०२५ पासून, पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव खातेदाराच्या नावाशी बँक ताडून पाहते. दुकानाचे नाव एक आणि खात्याचे नाव निराळे असेल, तर पैसे पाठवण्याच्या क्षणी ग्राहकासमोर इशारा येतो आणि तो थबकतो. म्हणून खाते ज्या नावाने आहे ते नाव ग्राहकाला द्यायच्या सूचनेत जसेच्या तसे छापावे. शिवाय आपला खाते क्रमांक बदलल्याचे आपण ईमेलने कधीही कळवणार नाही, हेही त्याच सूचनेत लिहावे. दुकानाच्या नावाने खोटे ईमेल पाठवून ग्राहकाचे पैसे भलत्याच खात्यात वळवले जातात, आणि ग्राहक त्याचा जाब आपल्याकडेच मागतो.