वाळूचा ताप

(नागपूर, मेची दुपार. सिग्नलवर ताणलेली हिरवी नेट, खाली थांबलेल्या गाड्या.)

नागपूरच्या माणसाला उन्हाचं काही सांगायला जाऊ नये. मार्च संपता संपता घरोघरी कूलरच्या ताट्या बदलल्या जातात, सिग्नलवर हिरवी नेट लागते, दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी गाडी काढत नाही आणि ४४ डिग्री झालं तरी लोक म्हणतात यंदा अजून तसं तापलं नाही. आम्हीही हेच म्हणायचो. एक-दोन डिग्री इकडेतिकडे, त्यात काय एवढं. त्यात किती काय असतं हे कळलं ते थेट कोकणात, कासवाच्या घरट्यात कोपरापर्यंत हात घालून बसल्यावर.

आम्ही दोघं नवराबायको, दोघांचंही काम वन्यजीवांच्या नोंदी ठेवायचं. पावसाळा सरला की डिसेंबरपर्यंत विदर्भातली जंगलं, कॅमेरा ट्रॅप लावा, ट्रान्सेक्ट चाला म्हणजे ठरलेल्या रेषेवर चालत प्राणी नोंदवा, विष्ठा गोळा करा. आणि जानेवारी लागला की बोऱ्याबिस्तरा बांधून कोकण. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी कल्याण, मग पनवेल, महाडमार्गे मंडणगड आणि तिथून वेळासची, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका समुद्रकाठच्या गावाची एसटी. सासूबाई दर वर्षी दारात उभ्या राहून तेच विचारतात, "काहून बाप्पा, इथं तलाव कमी हायेत का? फुटाळ्यावर पाहा ना कासवं." आणि दर वर्षी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर काढून बॅगेत टाकतो, तेव्हा तर त्या खरंच चिडतात, कारण मागच्या पानावर दुधाचा हिशोब असतो.

कॅलेंडर कशाला, तर तिथी बघायला. पहिल्या वर्षी आम्हाला भरती-ओहोटी म्हणजे काय हे पुस्तकातून माहीत होतं, म्हणजे काहीच माहीत नव्हतं. ओहोटीच्या वेळी खडकांत शंख-शिंपले, शंखात राहणारे खेकडे बघत बघत एवढे आत गेलो की परतीच्या वाटेवर कमरेएवढं पाणी. आम्ही आलो बाहेर, पण वही भिजली, अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या. त्या संध्याकाळी गावातल्या एका काकांनी ओसरीवर बसवून गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी पार वर चढणार, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. थोडं पुढेमागे होतं, पण आमचं त्यानंतर अडलं नाही.

(रात्र. लाल उजेडाचा टॉर्च. लाटांचा आवाज.)

रात्रीची गस्त कासवमित्रांची. गावातली ही माणसं नोव्हेंबरपासून पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, चालत असतात, आम्ही त्यांच्या मागे मागे. पांढरा टॉर्च लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. वारा पडला की काका म्हणतात, "वहिनी, आज येईल बघा." आणि पुष्कळदा येते.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी चाळीसेक किलोची. पाण्यातून वर येताना वाळूत तिच्या वल्ह्यांचा माग उमटतो, छोट्या ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. भरतीच्या रेषेच्या वर जागा निवडते आणि मागच्या पायांनी खड्डा खणते, आणि हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा श्वास रोखूनच पाहिलं, कारण तिला मागचं काही दिसत नसतं. एक पाय खाली जातो, तळवा वळतो, मूठभर वाळू अलगद वर येते, बाजूला पडते, मग दुसरा पाय. फूट-दीड फुटाचा सुरईसारखा खड्डा, तोंड अरुंद, तळ रुंद. शंभर-सव्वाशे अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, कवच चामड्यासारखं मऊ. मग वाळू लोटून अख्खं अंग डावीकडे-उजवीकडे आपटत ती जागा चोपते, धप्प धप्प आवाज येतो, अनवाणी बसलं तर तो पायालाही लागतो. तासाभरात पाण्यात परत. पिल्लांकडे ती पुन्हा बघत नाही.

कोल्हे, कुत्री, रानडुकरं रात्रभर वास काढत फिरतात, त्यामुळे अंडी काही तासांत हॅचरीत, म्हणजे ती राखून उबवायच्या जागेत हलवावी लागतात. तिथे तेवढ्याच खोलीचा, तसाच सुरईचा खड्डा. घाई करायची पण हात हळू, अंडं फिरवायचं नाही, कारण काही तासांनी आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि मग उलटंपालटं झालं की तो जातो. नवरा एरवी बडबड्या माणूस, अंडी मोजताना एक शब्द बोलत नाही.

वेळासमध्ये हे काम २००२ साली सुरू झालं, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन. त्याआधी या किनाऱ्यावर अंडी उकरून खाल्ली जायची, विकली जायची. पुढे २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला, घरोघरी पाहुणे राहायला लागले, आणि आता तीच पुळण गाव स्वतः राखतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ पासून होताच की.

आता आमचं काम. घरट्याच्या मध्यावर बटणाएवढा लॉगर ठेवायचा, तो दर तासाला तापमान नोंदवतो. कारण कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे अंड्यात आधीपासून ठरलेलं नसतं, वाळू ठरवते. साधारण ३० डिग्रीच्या आसपास एक सीमा आहे, वाळू त्याहून गरम राहिली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. फार तापली तर गर्भ आतच मरतात. आणि हा फैसला होतो मधल्या काळात, म्हणजे अंडी उबायला लागणाऱ्या ४५ ते ६० दिवसांचे तीन भाग केले तर मधल्या तिसऱ्या हिश्शात. तेव्हा शेवटच्या आठवड्यात सावली केली तर पिल्लू कदाचित वाचेल, पण नर-मादीचं तोवर ठरून गेलेलं असतं.

म्हणून मार्चमध्ये आम्ही हॅचरीवर हिरवी नेट ताणतो. हो, तीच, आपल्या सिग्नलवरची, अंगणातल्या तुळशीवरची. पहिल्यांदा बांधली तेव्हा मला एकदम घर आठवलं. पण सरसकट नेट टाकून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही, सगळ्याच घरट्यांवर दाट सावली केली तर चूक दुसऱ्या बाजूने होते. कोणत्या घरट्यावर, कितव्या दिवसापासून, हे मोजूनच ठरवायला पाहिजे, आणि त्यासाठी कोणीतरी चार महिने तिथे बसायला पाहिजे.

दुपारी मात्र आम्ही मोकळे. ओहोटीला ओल्या वाळूवर चिमुकले खेकडे बिळातून निघून वाळू तोंडात घालतात, त्यातलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. हजारो गोळ्या, बिळाभोवती किरणांसारख्या ओळींत, रांगोळीच. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं. उंच झाडावर समुद्री गरुडाचं घरटं असलं की त्याच्याखाली माशांची आणि समुद्री सापांची हाडं सापडतात. तीही आम्ही मोजतो, सवयच लागली आहे.

गुहागरची बातमी ऐकली त्या दिवशी तर जेवण राहिलं. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे अख्खा द्वीपकल्प वळसा घालून. पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं आपण धरून चाललो होतो.

(पहाट. हॅचरीत घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली जाते.)

पिल्लं रात्री, नाहीतर पहाटे वर येतात. वरची वाळू तापलेली असेल तर खालीच एकमेकांवर रचून थांबतात, थंडावा लागला की सगळी मिळून निघतात. टोपली उचलली की आधी नुसती वाळू हलताना दिसते, मधोमध खळगा पडतो, मग एक काळं नाक. दीड इंचाचा जीव, पाठीवर वाळू, डोळे अर्धे मिटलेले. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडायचं, ते अंतर त्यांनीच चालायचं. पहिली लाट उलटं पाडते, दुसरी परत आणून टाकते, तिसरीत पिल्लू दिसेनासं होतं. हजारातलं एखादंच मोठं होतं म्हणतात. नवरा शेवटचं पिल्लू जाईपर्यंत जागचा हलत नाही.

(नागपूर. घर. कूलरचा आवाज.)

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापते दिवस, लागतो तेव्हा आम्ही घरी असतो. कॅलेंडर खिळ्यावर परत जातं, पानं उलटताना ओट्यावर वाळू पडते. दुधाच्या हिशोबाच्या उलट्या बाजूला माझ्या अक्षरात लिहिलेलं, चतुर्थी, वारा पडला, दोन आल्या. सासूबाई ते वाचतात.

लॉगर एकेक करून लॅपटॉपला लावायचे, तापमानाची रेघ उमटते. सासूबाई शेजारी येऊन बसतात.

"ह्या घरट्यात पोरी का पोरं?"

"वरून बघून कळत नाही आई, पिल्लं सगळी सारखीच दिसतात. रेघेवरून अंदाज बांधायचा."

त्या चष्मा लावतात, रेघ डावीकडून उजवीकडे हळूहळू बघत जातात आणि बरोबर मधल्या पंधरा-वीस दिवसांवर बोट ठेवतात.

"इथं लई तापलं बाप्पा."

मग उठून कूलरमध्ये पाणी टाकतात.