वाचायच्या गोष्टी

(पडदा काळा. पंख्याची घरघर. खटका वाजतो, घरघर थांबते.)

आधी पंखा बंद होतो. मग खिडकी लागते. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट सताड उघडं, त्याच्यासमोर खुर्ची, मायक्रोफोन आणि लॅपटॉपवर उघडलेलं पुस्तक. कपडे प्रतिध्वनी पिऊन टाकतात, म्हणून जगभर अनेक स्वयंसेवक असेच कपाटात तोंड घालून वाचायला बसतात.

पहिलं वाक्य ठरलेलं असतं. हे लिब्रीव्हॉक्सचं ध्वनिमुद्रण आहे, आणि लिब्रीव्हॉक्सची सगळी ध्वनिमुद्रणं सार्वजनिक मालकीची आहेत. लिब्रीव्हॉक्स म्हणजे हक्क संपलेली जुनी पुस्तकं स्वयंसेवकांनी मोठ्याने वाचून इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत ठेवण्याचा उपक्रम. 2005 साली कॅनडातल्या माँट्रियलच्या ह्यू मॅकग्वायर यांनी हे काम सुरू केलं. इथे मानधन नाही, आणि आवाजाची निवड-चाचणीही नाही. वाचायची इच्छा असेल त्याने एखादं प्रकरण मागून घ्यावं.

(पुस्तकाचं जुनं शीर्षकपान.)

आजचं पुस्तक 1866 सालचं आहे. सबाइन बेअरिंग-गूल्ड या इंग्रज पाद्र्याने युरोपातल्या मध्ययुगीन दंतकथांचा माग काढला आणि त्यातून 'क्युरियस मिथ्स ऑफ द मिडल एजेस' लिहिलं. एफिससच्या गुहेत पिढ्यान् पिढ्या झोपून राहिलेले सात जण यात आहेत. पूर्वेकडे कुठेतरी राज्य करणारा प्रेस्टर जॉन आहे, आणि पोप झालेली जोनही.

दंतकथा जुनी आहे म्हणून ती कोणत्याही पुस्तकातून वाचता येते, असं मात्र नाही. कथा कोणाच्याच मालकीची नसते, पण तिचं कालपरवाचं भाषांतर कोणाच्या तरी मालकीचं असतं. लिब्रीव्हॉक्स अमेरिकी कायदा पाळतं, आणि त्यात जुन्या पुस्तकाचा हक्क (कॉपीराइट) प्रकाशनानंतर 95 वर्षांनी संपतो. म्हणून मायक्रोफोन लावण्याआधी शीर्षकपानावरचं साल बघायचं.

(मठातल्या भोजनगृहाचं चित्र. भिंतीत उंचावर वाचकाची जागा.)

इंग्रजीत दंतकथेला 'लेजंड' म्हणतात. तो शब्द लॅटिन 'लेगेंडा'वरून आला, आणि त्याचा अर्थ 'वाचायच्या गोष्टी'. संतांची चरित्रं त्यांच्या त्यांच्या दिवशी मठात मोठ्याने वाचली जात. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीत जेवणाच्या वेळी वाचणाऱ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. वाचक आठवड्याचा असे आणि त्याची पाळी रविवारी सुरू होई. बाकीच्यांनी कुजबुजायचंसुद्धा नाही. वाचणाऱ्याला मात्र आधी पाणी घातलेली थोडी वाईन द्यायची, कारण इतका वेळ उपाशी राहणं त्याला जड जाऊ नये. वाचणाऱ्याच्या घशाची आणि पोटाची इतकी काळजी घेणारा नियम वाचून मला फार बरं वाटलं.

(पुन्हा कपाट. वाचक तेच नाव तीनदा म्हणून बघतो.)

हे प्रकरण वेल्समधल्या गेलर्ट कुत्र्याचं आहे. यातल्या राजपुत्राचं नाव लिवेलिन, आणि इथेच वाचक अडतो. वेल्श भाषेत या नावाच्या सुरुवातीला आपला 'ल' नाही. जीभ 'ल'च्या जागी टेकवायची आणि कडेने नुसती हवा सोडायची. चार वेळा जमत नाही, पाचव्यांदा जमतं. मग सगळं वाक्य पहिल्यापासून.

राजपुत्र शिकारीहून परततो. पाळणा उलटलेला, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. तो तलवार खुपसतो. तेवढ्यात बाळाचा आवाज येतो. बाळ सुखरूप आहे आणि शेजारी मेलेला लांडगा पडलाय.

ही गोष्ट आपल्याला कुठेतरी भेटलेली आहे ना? पाळण्याजवळ येणारा साप, त्याला मारणारं मुंगूस, आणि पाणी भरून आलेल्या आईने त्याच्यावर घातलेली घागर. बेअरिंग-गूल्ड गेलर्टचा माग काढत थेट पंचतंत्रापर्यंत येतो. वेल्समधल्या बेदगेलर्ट गावात आजही त्या कुत्र्याची म्हणून एक समाधी दाखवतात. पण गोष्ट त्या समाधीहून कितीतरी जुनी आहे. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला, सापाचा लांडगा झाला. आईची घाई तेवढी राजपुत्राकडे गेली, आणि पश्चात्ताप होता तसाच राहिला.

(दुसरी खोली. हेडफोन लावलेली बाई, समोर पुस्तकाचं पान.)

वाचून झालं की फाइल दुसऱ्या स्वयंसेवकाकडे जाते. ही व्यक्ती पुस्तक समोर ठेवून अख्खं प्रकरण ऐकते. सुटलेली ओळ, दोनदा आलेलं वाक्य, मध्येच वाजलेला भोंगा, असं सगळं ती मिनिट-सेकंदासह टिपून ठेवते. उच्चाराची ढब किंवा वाचण्याची शैली यांवर ती बोट ठेवत नाही, वाचकाने स्वतः विचारलं तरच सांगते. मला हा नियम या सगळ्या कामाचा कणा वाटतो. पहिल्यांदा वाचणारा माणूस दुसऱ्या प्रकरणाला परत येतो, तो यामुळे.

आजच्या टिपणात एकच नोंद आहे: तलवार उपसल्यानंतरचं वाक्य दोनदा आलंय.

वाचक परत कपाटासमोर बसतो. पंखा बंद. ते वाक्य कापून टाकतो, जोड ऐकून बघतो. मग प्रकरणाच्या शेवटी, नियमाप्रमाणे, पाच सेकंदांची शांतता ठेवतो.

(पाच सेकंद काहीही ऐकू येत नाही.)