घड्याळ कुणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

मालवणचा किंवा हर्णैचा ट्रॉलर रात्री खोल पाण्यात असतो, तेव्हा तांडेलासमोर जीपीएसचा एक छोटा पडदा उजळलेला असतो. मागच्या खेपेला जिथं चांगली मासळी लागली, ती जागा त्यात नोंदवलेली. परत तिथंच जाळं टाकता येतं. हा नेमकेपणा २००० सालापर्यंत मुद्दाम बिघडवून ठेवलेला होता, आणि आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

जीपीएस उभारलं अमेरिकी लष्करानं. पहिला उपग्रह १९७८ सालचा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह अखंड सांगत असतात : मी अमुक जागी आहे, आत्ता इतके वाजलेत. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून आपल्या हातातलं यंत्र अंतर काढतं. असे चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा सापडते. सेकंदाच्या अब्जाव्या भागात रेडिओलहर ३० सेंटिमीटर जाते. म्हणून प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ. सगळी मदार त्याच्यावर.

१ सप्टेंबर १९८३ रोजी एक कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर रेगन सरकारनं जाहीर केलं, की ही यंत्रणा नागरी विमानांनाही वापरता येईल.

वापरता आली, पण अर्धीमुर्धी. शत्रूच्या हाती अचूकता जाऊ नये म्हणून नागरी संदेशातली वेळ जाणूनबुजून डळमळती ठेवली गेली. चूक १०० मीटरपर्यंत जाई. खडकाळ बंदराच्या तोंडाशी १०० मीटर म्हणजे काय, हे दर्यावर्द्यांना सांगायला नको.

आणि १९९१ च्या आखाती युद्धात काय झालं? वाळवंटात लष्करी यंत्रं पुरेनात. बाजारातली नागरी यंत्रं हजारोंनी विकत घ्यावी लागली, काही सैनिकांना तर घरच्यांनी पाठवली. मग आपल्याच जवानांची वाट चुकू नये म्हणून लष्करानं ती चूक काही काळ बंद केली! पुढं अमेरिकेच्याच तटरक्षक दलानं जहाजांसाठी ती चूक दुरुस्त करणारे संदेश सुरू केले. सरकारचा एक हात बिघडवतोय, दुसरा निस्तरतोय. अखेर मे २००० च्या सुरुवातीला अध्यक्ष क्लिंटन यांच्या निर्णयानं ही चूक थांबली. एका रात्रीत जगभरची यंत्रं सुधारली. कुणालाही नवं यंत्र घ्यावं लागलं नाही.

एका निर्णयानं सुधारतं, ते एका निर्णयानं बिघडूही शकतं. म्हणून मला आपलं 'नाविक', म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारी भारताची स्वतःची यंत्रणा, मोलाचं वाटतं. त्यातही दोन सेवा आहेत : एक सर्वांना खुली, दुसरी संरक्षण दलांसारख्या अधिकृत वापरासाठी, सांकेतिक. यात मला गैर काही दिसत नाही. दुखणं वेगळंच होतं. पहिल्या उपग्रहांतली अणुघड्याळं परदेशी होती, आणि २०१३ साली सोडलेल्या अगदी पहिल्या उपग्रहातली तिन्ही चार वर्षांच्या आत बंद पडली. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या उपग्रहात प्रथमच भारतात घडवलेलं रुबिडियम अणुघड्याळ होतं. जानेवारी २०२५ मधला त्याचा पाठचा भाऊ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचला नाही, ही हळहळ आहेच.

एनव्हीएस-०१ साध्या फोनला झेपेल अशा लहरीवरही संदेश पाठवतो. नवा फोन घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला जरूर विचारा, यात नाविक चालतं का?

नमस्कार.